डोक्याला मार लागलेल्या मुलाच्या कवटीत काय बसवायचं? स्वतःचं हाड, टायटॅनियम, सिमेंट की ‘पीक’? पालकांसाठी सविस्तर माहिती

जळगाव / धुळे : धाब्यावरून पडलेलं पोर, मोटारसायकलच्या टाकीवर बसवलेलं लेकरू, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घसरलेला शाळकरी मुलगा. डोक्याला जबर मार लागला की मेंदूला सूज येते आणि जीव वाचवण्यासाठी डॉक्टर कवटीचा एक तुकडा काढून ठेवतात. पोर वाचतं, घरी येतं. पण डोक्याच्या एका बाजूला हाड नसतं. कातडीखाली मेंदूची धडधड हाताला लागते. आई रात्रभर त्या बाजूला कूस वळू देत नाही.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दवाखान्यात गेलं की पुढचा प्रश्न येतो : ही मोकळी जागा कशाने भरायची? कोणी सांगतं टायटॅनियम टाका, कोणी म्हणतं पुण्या-मुंबईत नवीन मटेरियल आलंय, जास्त पैसे लागले तरी तेच घ्या. शेत गहाण टाकायची तयारी होते.

थोडक्यात उत्तर असं : मुलांच्या बाबतीत सगळ्यात महाग ते सगळ्यात चांगलं असं नसतं. मुलाचं डोकं अजून वाढायचं असतं आणि बाहेरून आणलेली कुठलीही वस्तू वाढत नाही. म्हणून मुलाचं स्वतःचं हाड चांगल्या स्थितीत असेल तर पहिला विचार त्याचाच होतो. ते नसेल, फुटलं असेल किंवा पू होऊन खराब झालं असेल, तर बाकीचे पर्याय वय, भोकाचा आकार आणि कातडीची स्थिती बघून ठरतात.

हाड काढतात ते जातं कुठे?

कवटी म्हणजे बंद डबा. आत मेंदू सुजला की त्याला जागा मिळत नाही आणि दाब वाढून जीव जातो. म्हणून कवटीचं झाकण तात्पुरतं उघडून ठेवतात. हे हाड टाकून देत नाहीत. ते जपून ठेवायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे उणे ७०-८० अंशांच्या खास फ्रीजरमध्ये, मुलाच्या नावाची चिठ्ठी लावून. दुसरी म्हणजे मुलाच्याच पोटाच्या कातडीखाली, चरबीत. हाडं ठेवायची सोय सगळ्या दवाखान्यांत नसते, त्यामुळे आपल्याकडे पोटात ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. फायदा असा की रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात गेला तरी हाड त्याच्यासोबतच जातं. मात्र अगदी लहान बाळाच्या पोटात एवढी जागा नसते आणि पोटावर आणखी एक चीर पडते.

म्हणून सुट्टी मिळतानाच विचारा : हाड कुठे ठेवलं आहे? पोटात, फ्रीजरमध्ये, की फुटल्यामुळे ठेवताच आलं नाही? हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. ही एक ओळ नसेल तर सहा महिन्यांनी वेगळ्या शहरातला डॉक्टर अंधारात राहतो आणि पालकांना नव्या वस्तूचा खर्च पडू शकतो.

मुलाची कवटी मोठ्या माणसासारखी नसते

जन्मताना बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटीमीटर असतो. वर्षभरात तो ४५ च्या आसपास जातो आणि पाच वर्षांचं होईपर्यंत ५० च्या घरात पोचतो. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत वाढ झपाट्याने होते, नंतर ती मंदावते. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. त्यामुळे एका वर्षाच्या बाळासाठी आणि दहा वर्षांच्या मुलासाठी एकच सल्ला लागू होत नाही.

दुसरी गोष्ट बाळांच्या बाजूची आहे. मेंदूवर ‘ड्युरा’ नावाचं जाड आवरण असतं. लहान बाळांत या आवरणाला नवीन हाड तयार करायची ताकद असते. वर्ष-दोन वर्षांच्या आतलं मूल असेल, भोक लहान असेल आणि आवरण फाटलेलं नसेल, तर जागा आपोआप भरून येऊ शकते. अशा वेळी डॉक्टर ‘थांबून बघू’ म्हणाले तर तो टाळाटाळीचा सल्ला नाही. वय वाढत गेलं की ही ताकद कमी होते.

तिसरी गोष्ट मात्र काळजीची आहे. लहान मुलांत, बहुतेक वेळा तीन वर्षांखालच्या, कवटीला तडा जाताना खालचं आवरणही फाटलं तर तो तडा भरायच्या ऐवजी रुंदावत जातो. याला ‘वाढणारं फ्रॅक्चर’ म्हणतात. हे क्वचित होतं. पडल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोक्यावर मऊ, धडधडणारा फुगवटा दिसतो आणि तो वाढत जातो. कधी फिट येते, कधी एका बाजूचा हात-पाय कमजोर पडतो. ‘टेंगूळ आहे, बसेल’ म्हणून शेक देणं, लेप लावणं, चोळणं किंवा सुईने पाणी काढायला सांगणं धोक्याचं आहे. इथे नुसतं हाड बसवून भागत नाही. आधी फाटलेलं आवरण शिवावं लागतं, मग वर हाड.

कोणत्या वस्तू बसवतात? एकेक समजून घ्या

१) मुलाचं स्वतःचं काढून ठेवलेलं हाड. माप बरोबर बसतं, शरीर त्याला परकं मानत नाही, वस्तूचा वेगळा खर्च नाही आणि जिवंत कवटीशी जुळलं तर डोक्यासोबत वाढतं. अडचण एक आहे आणि ती मोठी आहे : हे हाड कधी कधी झिजून विरघळतं. काढलेल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. परत बसवल्यावर आजूबाजूच्या पेशी त्यात शिरून ते पुन्हा जिवंत करतात. ते जमलं नाही तर हाड पातळ होत जातं. मोठ्यांपेक्षा मुलांत हे जास्त होतं. मूल अगदी लहान असेल, हाडाचे तुकडे झालेले असतील, भोक फार मोठं असेल किंवा डोक्यात पाणी साठत असेल तर धोका वाढतो. तसं झालं तर दुसरं ऑपरेशन लागतं.

२) दुसऱ्या जागेचं स्वतःचंच हाड. कवटीच्या हाडाला पापडासारखे दोन थर असतात, मध्ये स्पंजासारखा भाग असतो. चांगल्या बाजूचं हाड घेऊन हे दोन थर वेगळे करायचे, एक मूळ जागी परत लावायचा आणि दुसरा भोकावर. पण तीन-चार वर्षांखालच्या मुलांत हाड इतकं पातळ असतं की थर वेगळे करणं अवघड जातं. तेव्हा बरगडीचं हाड घेतात. वरची पातळ साल जपली तर बरगडी पुन्हा भरून येते. यात ऑपरेशन लांबतं, रक्त जास्त जातं, दुसऱ्या जागी जखम होते. तरी वाढत्या वयात स्वतःचंच हाड हा मोठा फायदा आहे.

३) टायटॅनियम. हलका, मजबूत, गंज न चढणारा धातू. जाळी किंवा पत्रा वाकवून बसवतात किंवा सिटी स्कॅनवरून मापाचा बनवून घेतात. हा धातू चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे पुढे एमआरआय करता येतो. फक्त फोटोत त्या जागेजवळ सावली येते. तोटे असे की तो वाढत नाही आणि वरची कातडी पातळ असेल तर कडा घासून कातडी उघडी पडू शकते. धातू ऊन-थंडी लवकर पकडतो. काही रुग्णांना उन्हात त्या जागी चटका जाणवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या भुसावळ-जळगावच्या पोरांसाठी हा मुद्दा बारीक नाही. टायटॅनियम बसवलं असेल तर उन्हात टोपी, रुमाल हवाच.

४) बोन सिमेंट. डॉक्टर याला पीएमएमए म्हणतात. हे घरबांधणीचं सिमेंट नव्हे. दातांच्या कवळीत जे ॲक्रिलिक वापरतात, त्याच जातीचं आहे. पावडर आणि द्रव मिसळून गोळा मळतात, आकार देतात, काही मिनिटांत तो घट्ट होतो. घट्ट होताना चांगलाच तापतो, म्हणून मेंदूजवळ थंड पाणी सोडत काम करतात किंवा साच्यात बाहेर बनवून मग बसवतात. १९४० च्या दशकापासून हे कवटीसाठी वापरात आहे. बाहेरच्या वस्तूंत सगळ्यात स्वस्त, कुठेही मिळणारं, उन्हाने न तापणारं. पण ते हाडाशी एकजीव होत नाही, वाढत नाही, जोराचा मार लागला तर तडकू शकतं आणि पू झाला तर बहुधा काढावंच लागतं. त्रीडी प्रिंटरवर कवटीचा साचा काढून त्यात सिमेंट भरलं तर कमी खर्चात आकार चांगला मिळतो. डॉक्टरांना ही सोय आहे का, हे जरूर विचारा.

५) ‘पीक’. शेतातल्या पिकाशी याचा संबंध नाही, हे एका मजबूत प्लॅस्टिकचं नाव आहे. सिटी स्कॅनवरून कंपनी बरोबर मापाचा तुकडा बनवून पाठवते. लवचिकता हाडासारखी, उन्हाने तापत नाही, स्कॅनमध्ये सावली पडत नाही, डोक्याचा आकार छान दिसतो. पण किंमत सगळ्यात जास्त आणि बनून यायला वेळ लागतो. हेही हाडाशी जुळत नाही आणि वाढत नाही. म्हणून डोकं बरंच वाढून झालेल्या मोठ्या मुलांत याचा विचार जास्त होतो.

६) सच्छिद्र पॉलिएथिलीन. याला बारीक छिद्रं असतात, त्यात शरीराचे धागे शिरून पकड बसते. २०१८ मध्ये पुण्याच्या भारती हॉस्पिटलमधली बातमी राज्यभर गाजली होती. रस्ता अपघातात जबर जखमी झालेल्या चार वर्षांच्या मुलीच्या कवटीचा सुमारे ६० टक्के खराब भाग बदलण्यात आला. अमेरिकेतल्या एका कंपनीने तिच्या मापाने पॉलिएथिलीनची कवटी बनवून दिली होती. बातम्यांत ‘कवटी प्रत्यारोपण’ असा शब्द आला आणि अनेकांना वाटलं की दुसऱ्या माणसाची कवटी बसवली. तसं नव्हतं, ती बनवलेली वस्तू होती. हाडाचा एवढा मोठा भाग खराब असतो तेव्हा असा मार्ग घ्यावा लागतो. हातभर नाही तर तळहाताएवढं भोक असलेल्या प्रत्येक मुलाला तेच हवं, असा त्याचा अर्थ होत नाही.

७) हायड्रॉक्सीॲपेटाइट. हाडात जे खनिज असतं तेच. हाडाशी चांगलं जुळतं, पण ठिसूळ असतं. लहान फटी आणि खड्डे भरायला जास्त उपयोगी.

आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे पट्ट्या आणि स्क्रू. अगदी लहान बाळांत कवटी बाहेरच्या बाजूने वाढत जाते तशी धातूची पट्टी हळूहळू आतल्या बाजूला सरकू शकते. म्हणून बाळांत हाड धाग्याने बांधतात किंवा काही काळाने शरीरात विरघळणाऱ्या पट्ट्या वापरतात.

वयाप्रमाणे डॉक्टर साधारण कसा विचार करतात?

दोन वर्षांखाली : भोक लहान असेल तर थांबून बघणं. गरज असेल तर स्वतःचं हाड. बाहेरची वस्तू शक्यतो टाळतात.

दोन ते सहा-सात वर्षं : पहिला हक्क स्वतःच्या हाडाचा. ते नसेल तर बरगडी किंवा चिरलेलं हाड. तेही शक्य नसेल तर बाहेरची वस्तू, पण पुढे कदाचित बदलावी लागेल हे समजून.

सात-आठ वर्षांनंतर : डोक्याची बरीच वाढ झालेली असते, म्हणून टायटॅनियम, सिमेंट, पीक हे पर्याय अधिक मोकळेपणाने वापरता येतात.

हा ढोबळ हिशोब आहे. शेवटचा निर्णय सिटी स्कॅन आणि मुलाची तब्येत बघून मेंदूचे सर्जनच घेतात.

कधी बसवायचं?

सूज उतरली, जखम भरली, ताप नाही, कातडी चांगली आहे, असं झालं की साधारण दीड ते तीन महिन्यांत हाड बसवायचा विचार होतो. पू झाला असेल तर कितीतरी महिने थांबावं लागतं. सगळ्यात मोठी चूक होते ती इथे. पोर खेळायला लागलं, कापूस वेचणीचा हंगाम आला, तारीख राहून गेली आणि वर्ष निघून गेलं. तोवर कातडी आत ओढली जाते, मेंदूला आधार मिळत नाही, पुन्हा मार लागायची भीती रोजचीच आणि मुलगा शाळेत टोपी काढायला लाजतो. उशीर झाला तरी ऑपरेशन होतं, पण जास्त अवघड होतं.

मधल्या काळात मुलाला डॉक्टरांनी सांगितलेलं हेल्मेट घाला, निदान चालता-खेळताना तरी. शाळेत बाईंना, सरांना कल्पना द्या. झोपल्यावर किंवा रडताना ती जागा थोडी फुगते आणि उठून बसल्यावर खड्डा पडतो, हे नेहमीचं आहे. ती कायम टणक फुगलेली राहिली आणि सोबत उलट्या किंवा गुंगी असेल तर मात्र लगेच दवाखाना.

खर्च आणि सरकारी योजना

धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावात २०१८ मध्ये सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही खान्देशातली सरकारी ठिकाणं आहेत. मेंदूचे सर्जन कोणत्या वारी असतात आणि लहान मुलांची ही शस्त्रक्रिया तिथे होते का, की पुढे पाठवतात, हे आधी विचारून जा, म्हणजे चोपडा, शिरपूर, साक्रीहून हेलपाटा पडणार नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हा मोठा आधार आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यात धुळे होतं. आता योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि मुलाचं नाव रेशन कार्डात नसेल तर जन्माचा दाखला सोबत न्या. एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्या : नुसतं ऑपरेशन मंजूर आहे की बसवायची वस्तूही त्यात धरली आहे? कोणती वस्तू? बाहेरून विकत आणायला सांगितलं तर आधी आरोग्यमित्राशी बोला. योजनेचा फोन १५५३८८ हा आहे.

अपघात वाहनाचा असेल तर पोलिसांत नोंद, दवाखान्याचे कागद आणि ‘पुढे हाड बसवायचं ऑपरेशन लागणार आहे’ असं डॉक्टरांचं पत्र जपून ठेवा. अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागताना पुढच्या उपचारांचा खर्चही मांडता येतो. कायद्यात अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून तालुका विधी सेवा समितीचा मोफत सल्ला लवकर घ्या.

डॉक्टरांना विचारायचे सात प्रश्न

१. मुलाचं स्वतःचं हाड वापरता येईल का? नसेल तर का नाही?
२. ते विरघळलं तर पुढे काय करायचं?
३. बाहेरची वस्तू टाकली तर वाढत्या वयात बदलावी लागेल का?
४. याच कामासाठी कमी खर्चाची वस्तू चालेल का? दोन्हींत माझ्या मुलासाठी नेमका फरक काय?
५. वरची कातडी पुरेशी जाड आहे का?
६. पू झाला तर काय करतात?
७. तपासणीला किती दिवसांनी आणि किती वर्षं यायचं?

हे प्रश्न विचारल्याने डॉक्टर रागावत नाहीत. कागदावर लिहून न्या, कारण खोलीत गेल्यावर निम्मे विसरतात.

ऑपरेशननंतर

टाके निघेपर्यंत जागा कोरडी ठेवा. तेल, हळद, भस्म, पाला काही लावू नका. फिटचं औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका. ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू, जागा लाल होणं, वाढती डोकेदुखी, उलट्या, फिट, गुंगी यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. स्वतःचं हाड बसवलं असेल तर पहिली दोन वर्षं तपासणी चुकवू नका. हाड झिजतंय का, ते याच काळात बऱ्याचदा कळतं. जागा मऊ लागू लागली, कडा हाताला जाणवू लागल्या, तर तारखेची वाट न बघता जा. सिटी स्कॅनची सीडी आणि सगळे कागद एका पिशवीत ठेवा. बसवलेल्या वस्तूचं स्टिकर मिळालं असेल तर तेही त्यातच.

आणि शेवटी, ही वेळच येऊ नये म्हणून. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर बसवताना त्याच्या मापाचं हेल्मेट आणि बांधायचा पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. फेब्रुवारी २०२३ पासून हा नियम आहे. धाब्याला आणि गच्चीला कठडा बांधायचा खर्च एका सिटी स्कॅनच्या धावपळीपुढे काहीच नाही.